सहा रात्रींचा मुक्काम

तलवारबाजी म्हटले की आमच्या लोकांना घोडा, ढाल आणि रणांगण आठवते. प्रत्यक्षात हा खेळ १४ मीटर लांबीच्या पट्टीवर, अंगाला विजेची तार जोडून आणि तोंडावर जाळीचा मुखवटा चढवून खेळतात. टोक लागले की दिवा लागतो, पंच हात वर करतो, संपले. पदक मिळाले तर वर्तमानपत्रात फोटो येतो. पण ती मुलगी आदल्या रात्री कुठे झोपली होती, तिच्या आईने पाठ कुठे टेकली आणि त्याचे पैसे कुणी भरले, हे मात्र छापून येत नाही. आम्ही पेशाने लिपिक, शिक्षण बी.कॉम. जमाखर्च मांडणे हा आमचा पोटापाण्याचा उद्योग. तेव्हा वाचक बंधू-भगिनींसमोर आज एका मुक्कामाचा जमाखर्चच मांडतो.

आम्ही एकलहऱ्याचे. नाशिकरोडच्या पुढे औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसू लागल्या की आमचे गाव आले असे समजावे. आमची धाकटी बहीण इथेच दिलेली. मेहुणे केंद्रात ठेकेदाराकडे राखेच्या कामावर आहेत आणि बहीण अंगणवाडीत मदतनीस. त्यांची मोठी मुलगी, म्हणजे आमची भाची, सहावीत असताना शाळेतल्या सरांनी तिच्या हातात तलवार दिली. उंच आहे, हात लांब आहेत, म्हणून इपी हा प्रकार तिच्या वाट्याला आला. फॉइल, इपी आणि सेबर या तिन्ही प्रकारांत इपीत डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत कुठेही टोक लागले तरी गुण मिळतो. भाची म्हणते, "मामा, यात वाद घालायला जागाच नाही. लागलं की लागलं." आम्हाला हा खेळ तेवढ्यासाठीच आवडतो.

फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये उझबेकिस्तानची राजधानी ताश्कंद येथे आशियाई कॅडेट व ज्युनिअर अजिंक्यपद स्पर्धा होती. भाचीचे नाव संघात आले. बहिणीने पेढे वाटले, विहारात सत्कार झाला, आणि चौथ्या दिवशी पत्र हाती पडले. त्यात खर्च स्वतः करावा लागेल असे होते. या खेळात हे नवे नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये, जे २०२१ साली झाले, उतरलेली पहिली भारतीय तलवारबाज भवानी देवी चेन्नईच्या एका पुजाऱ्याची मुलगी. तिच्या खेळासाठी आईने दागिने गहाण ठेवले होते, हे तिनेच मुलाखतींतून सांगितले आहे. आमच्या बहिणीकडे गहाण ठेवण्याजोगे एक मंगळसूत्र आणि कानातले होते. ते ठेवू नये असे आम्ही ठरवले. बचत गटाच्या महिलांनी ११ हजार दिले, वसाहतीतल्या मंडळींनी घरटी वर्गणी केली, आम्ही आणि आमच्या थोरल्या बंधूंनी उरलेले पाहिले. भाचीचा विमानखर्च, व्हिसा आणि संघासोबतचा मुक्काम एवढे जमले.

पासपोर्टचे एक सांगायचे राहिले. भारताचा पासपोर्ट जिथे छापतात ती सिक्युरिटी प्रेस आमच्या नाशिकरोडलाच आहे. एकलहऱ्याहून सायकलने जाता येईल इतक्या जवळ. आमच्या गावची कित्येक माणसे त्या भिंतीबाहेरून रोज कामाला जातात. पण आमच्या घराण्यात पासपोर्ट शिरला तो भाचीच्या रूपाने पहिल्यांदा.

आता खरा प्रश्न उभा राहिला. मुलगी १६ वर्षांची, देशाबाहेर पहिल्यांदाच चाललेली. मेहुण्यांच्या मातोश्री हटून बसल्या की पोर एकटी जाणार नाही, सोबत आई गेली पाहिजे. सामाजिक कार्यकर्ता या नात्याने आमचे मत असे की मुलींना एकटे पाठवायला शिकले पाहिजे आणि संघासोबत महिला व्यवस्थापक असतेच. हे आम्ही बोलूनही दाखवले. पण म्हातारीपुढे आमच्या भाषणाचे काही चालले नाही. शिवाय बहिणीच्या डोळ्यांत आम्हाला वेगळेच दिसले. तिलाही जायचे होते. सहा वर्षे पहाटे उठून डबा करून, बसने नाशिकला नेऊन, कठड्यावर बसून जिने मुलीचा सराव पाहिला, तिला ती पट्टी एकदा परदेशात पाहायची होती. मग आम्ही मत मागे घेतले आणि कागद-पेन पुढे घेतले.

मुक्कामाची आमच्या लोकांना सवय नाही असे कुणी म्हणू नये. ६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कच्या मैदानात, विजयादशमीला नागपूरला दीक्षाभूमीवर आमच्या माणसांनी जेवढ्या रात्री काढल्या तेवढ्या कुणी काढल्या नसतील. भाकरी बांधून न्यायची, सतरंजी अंथरायची, शेजारी कोण आहे ते विचारायचे नाही. विचारायची गरजच नसते. बहीण तशी पुष्कळ फिरलेली. पण लॉजच्या काउंटरवर उभे राहून, स्वतःचे नाव लिहून, किल्ली हातात घेऊन खोलीत शिरणे तिने आयुष्यात केलेले नव्हते. ४० वर्षांत एकदाही नाही. तिचा प्रत्येक मुक्काम कुणा नातेवाइकाकडे, विहारात नाहीतर मैदानात.

अशा स्पर्धांची एक पद्धत असते ती पालकांना ठाऊक हवी. यजमान संघटना आपली हॉटेले ठरवते आणि एका माणसाला रात्रीचा दर जेवणासह कळवते. त्या हॉटेलातून क्रीडागृहापर्यंत नेणारी-आणणारी बस असते, पण सहसा तिथे उतरलेल्यांसाठीच. आम्हाला मिळालेल्या पत्रकातल्या डॉलरचे रुपये केले तेव्हा एका रात्रीचे पैसे मेहुण्यांच्या आठवड्याच्या मजुरीहून जास्त निघाले. खेळाडूचे तेवढे भरावेच लागतात. आईचेही भरायचे म्हटले तर मंगळसूत्र सोडून घराची कौलेही काढावी लागली असती.

कुणी म्हणाले, मग मुलीलाही आईसोबत स्वस्त खोलीत ठेवा, दोघींचे वाचेल. संघाच्या नियमात ते बसत नव्हते. बसत असते तरी आम्ही ऐकले नसते, त्याला कारण आहे. भवानी देवी १४ वर्षांची असताना आपली पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळायला तुर्कस्थानात गेली. लढतीला ती तीन मिनिटे उशिरा पोहोचली. पंचांनी काळे कार्ड दाखवले. काळे कार्ड म्हणजे स्पर्धेबाहेर. एवढा प्रवास, एवढा पैसा आणि तीन मिनिटे. अनोळखी शहरात सकाळच्या वेळी तीन मिनिटे कुठे जातात ते कळतही नाही. शिवाय लढतीच्या आदल्या दिवशी हत्यारांची तपासणी असते. मुखवट्याची जाळी, तार, पाते, सगळे तपासून शिक्का मारतात, तेव्हाही वेळेवर हजर राहावे लागते. म्हणून खेळाडू संघासोबत आणि आई स्वस्तात पण चालत जाण्याच्या अंतरावर, असा आम्ही निर्णय घेतला.

वैयक्तिक लढत एका दिवसात संपते. गटफेरीतली एक लढत पाच गुणांची किंवा तीन मिनिटांची. वाईट दिवस असेल तर सकाळी नऊला सुरू झालेली स्पर्धा साडेअकराला संपून मुलगी मोकळी होते. परंतु तपासणी आधी, सांघिक लढत नंतर, विमानाचे दिवस ठरलेले. अडीच तासांच्या खेळासाठी सहा रात्री काढाव्या लागतात. मुक्काम महाग पडतो तो यामुळे.

संघातल्या मुलींच्या आयांचा फोनवर एक गट झाला होता. तिघी जणी जाणार होत्या. आमची बहीण, महाराष्ट्रातल्याच एका शहरातल्या एक सुशिक्षित बाई, आणि एक मणिपूरच्या. हॉटेलच्या खोल्या तिघींनी वेगवेगळ्या घेण्यापेक्षा एक सदनिका भाड्याने घ्यावी असे आम्ही सुचवले. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, रात्रीचे ३६ डॉलर. तेव्हा डॉलर ८२ रुपयांच्या आसपास होता. तिघींत वाटले तर प्रत्येकी १२ डॉलर, म्हणजे ९८४ रुपये. सहा रात्रींचे ५,९०४. एवढ्या पैशांत नाशिकलाही बरा लॉज मिळत नाही. स्वयंपाकघर असल्याने जेवणाचा खर्च जवळजवळ नाहीच. मराठी बाईंना ही कल्पना फार आवडली. बोलायला गोड होत्या. बहिणीला "ताई, ताई" करीत. एके संध्याकाळी फोनवर त्यांनी विचारले, "ताई, तुम्ही नाशिकचे म्हणजे नक्की कुठले? आडनावावरून काही लक्षात आलं नाही हो." बहिणीने सरळ सांगितले, "आम्ही एकलहऱ्याचे. विहाराच्या मागच्या गल्लीत घर आहे आमचं."

दोन दिवसांनी निरोप आला. "आमच्यात मांसाहार चालत नाही. एका किचनमध्ये अडचण होईल. राग मानू नका."

वास्तविक बहिणीने आठवडाभर आधीच गटावर लिहिले होते की स्पर्धा संपेपर्यंत वरणभात आणि खिचडीच करायची, मुलींच्या पोटाला तेच बरे. त्या बाईंनी पुढे दुसऱ्या एका राज्यातल्या पालकांसोबत खोली घेतली. तिथे रोज सकाळी अंडी शिजत होती, हे बहिणीने नंतर डोळ्यांनी पाहिले. कुणी आमच्याकडे पुरावा मागितला तर आमच्याकडे नाही. आजकाल यांचा पुरावा मिळू नये अशीच व्यवस्था असते. पूर्वी जात विचारून दार लावीत, आता जेवण विचारून लावतात. नाशिक शहरात आमच्या कार्यालयातल्या तरुण सहकाऱ्यांना भाड्याची खोली शोधताना हाच अनुभव येतो; फरक इतकाच की हा ताश्कंदच्या खोलीसाठी एकलहऱ्यात बसून आला.

आम्ही वही उघडली. तिघींच्या दोघी झाल्या. प्रत्येकी १८ डॉलर, रात्रीचे १,४७६, सहा रात्रींचे ८,८५६. वाढ २,९५२ रुपये. वर्गणीचा पैसा म्हणजे पै-पैचा हिशोब द्यायला हवा. प्रवास, व्हिसा, भोजन, मुक्काम अशी खाती आम्ही आखली होती. ही २,९५२ ची रक्कम कोणत्या खात्यावर टाकावी, यावर आम्ही बराच वेळ पेन धरून बसलो. शेवटी 'मुक्काम' या खात्याखालीच, परंतु वेगळ्या ओळीवर लिहिली आणि तपशिलाच्या रकान्यात लिहिले : 'आडनावामुळे'. वसाहतीच्या बैठकीत हिशोब वाचून दाखवला तेव्हा या ओळीवर कुणी प्रश्न विचारला नाही. सगळ्यांना कळले.

बहिणीला हे लागले. म्हणाली, "दादा, मी नाही जात. तिथं जाऊनही हेच असेल तर घरीच काय वाईट आहे?" तेव्हा आम्ही तिला बाबासाहेबांची बडोद्याची हकिकत सांगितली. तिने ती भाषणांतून ऐकलेली होती, पण मुक्कामाच्या बाजूने कधी विचार केला नव्हता. १९१७ साली अमेरिका आणि लंडनहून शिकून आलेला माणूस बडोद्याच्या नोकरीवर रुजू व्हायला गेला तेव्हा त्याला शहरात राहायला जागा नव्हती. हिंदू हॉटेलात घेणार नाहीत, म्हणून पारशी धर्मशाळेत गेले. तिथे पारशाशिवाय कुणाला ठेवीत नसत. दिवसाला दीड रुपया द्यायचा आणि नोंदवहीत पारशी नाव लिहायचे, या अटीवर व्यवस्थापकाने जागा दिली. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन पारशी मंडळी दारात उभी राहिली. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. पुन्हा लंडनला गेले ते १९२१-२२ मध्ये किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरात भाड्याने राहिले. तिथे मात्र नोंदीत स्वतःचे नाव होते. ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले आणि आज तिथे स्मारक आहे. आम्ही बहिणीला एवढेच म्हणालो की, तुझे नाव तुझ्या पासपोर्टवर आहे, ते जसेच्या तसे तिथल्या वहीत लिहून ये.

मणिपूरच्या बाई मात्र ठाम राहिल्या. मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "दो लोग में भी हो जाएगा, बहन."

उझबेकिस्तानचा व्हिसा भारतीयांना ऑनलाइन मिळतो, २० डॉलर लागतात. तिथला एक नियम मात्र जाणाऱ्याने नीट समजून घ्यावा. परदेशी पाहुणा आला की तीन दिवसांच्या आत तो कुठे उतरला त्याची सरकारदरबारी नोंद व्हावी लागते. हॉटेलवाले ती आपोआप करतात. खासगी घर असेल तर घरमालकाला ती करावी लागते. काही मालक कर चुकवायला टाळाटाळ करतात आणि परत निघताना पाहुणा अडचणीत येतो. आम्ही दोन स्वस्त जागा एवढ्याच कारणाने सोडल्या. तिसरीच्या मालकिणीला भाषांतर करणाऱ्या यंत्रावरून विचारले, "नोंद करून कागद देणार का?" तिने "हो, पहिल्याच दिवशी" असे उत्तर दिले. ती जागा तिथल्या तिथे पक्की केली. पैसे भरायला परदेशी व्यवहार चालणारे कार्ड लागते. मेहुण्यांच्या कार्डावर ते होत नव्हते, आमच्या कार्डावर झाले. अशा बारीकसारीक गोष्टींतच गरीब माणूस अडतो.

पंजाब मेलने दिल्ली आणि दिल्लीहून तीन तासांच्या आत ताश्कंद. वाचकांतल्या जुन्या मंडळींना ताश्कंद म्हटले की लालबहादूर शास्त्री आठवतील. जानेवारी १९६६ मध्ये करार झाल्यावर त्यांचे तिथेच निधन झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिथे मोठा भूकंप झाला आणि शहराचा बराच भाग नव्याने बांधला गेला. बहिणीची सदनिका तशाच एका जुन्या चार मजली इमारतीत, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जमिनीखालची रेल्वे जवळ होती. संघाचे हॉटेल चालत २० मिनिटांवर.

मालकीणबाई साठीच्या पुढच्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या. त्यांच्या भाषेत थोरल्या बहिणीला 'ओपा' म्हणतात, तेव्हा दोघी त्यांना ओपाच म्हणू लागल्या. ओपांनी पासपोर्ट मागितले, चष्मा लावून एकेक अक्षर पाहिले, मुलाला बोलावून संगणकावर नोंद केली आणि दोघींच्या हातात एकेक कागद दिला. बहिणीने रात्री फोन केला तो याच गोष्टीसाठी. पोहोचलो, थंडी आहे, पोरगी बरी आहे, हे सगळे नंतर. आधी म्हणाली, "दादा, माझं पूर्ण नाव छापलंय. बापाचं, नवऱ्याचं आडनाव सगळं. तिनं वाचलं आणि किल्ली दिली. आणखी काही विचारलंच नाही."

तिथल्या भाषेत आपल्या ओळखीचे शब्द पुष्कळ निघतात. चहाला चोय, भाकरीसारख्या तंदुरी रोटीला नोन, कांद्याला पियोज. बहिणीचा धीर वाढला. बाजारात जाऊन तिने हिंदीच्या जोरावर "सब्जी" मागितली, तर बाईने किलोभर गाजरे तोलून दिली. तिथे सब्जी म्हणजे गाजर! त्या दिवशी दोघींनी गाजराची भाजी, गाजराची खिचडी आणि उरलेल्या गाजरांचा हलवा केला. ओपांना हलवा इतका आवडला की त्यांनी राज कपूरचे गाणे गाऊन दाखवले.

आणखी एक गंमत. बॅगा उघडल्या तेव्हा कळले की आमच्या बहिणीने बाजरीच्या पिठाच्या पिशवीखाली सुकट बांधून आणली होती आणि मणिपूरच्या बाईंनी त्यांच्याकडची आंबवलेली मासळी डब्यात भरून आणली होती. दोघींनीही एकमेकींना सांगितले नव्हते. वास येईल, कुणी काय म्हणेल या भीतीने. मुलींच्या लढती संपेपर्यंत दोघींनी ठरल्याप्रमाणे वरणभात खाल्ला. नंतर ओपांची परवानगी काढून, खिडक्या उघड्या टाकून, एकाच कढईत दोन्ही परतली. बहीण अजून सांगते की असे कालवण तिने जन्मात खाल्ले नाही.

लढतीचेही सांगायला हवे. भाचीने गटफेरीत तीन लढती जिंकल्या, तीन हरल्या. बाद फेरीतली लढत १५ गुणांची असते. तीत कझाकस्तानच्या मुलीने तिला हरवले. १० गुणांपर्यंत बरोबरीत होती, मग भाची घाई करू लागली. पंधरावा गुण गेल्यावर मुखवटा काढून तिने हात मिळवला आणि वर आईकडे पाहिले. संघाच्या नियमामुळे दुपारपर्यंत दोघींना बोलता आले नाही. दुपारी ती २० मिनिटे चालत सदनिकेवर आली, जेवली आणि आईच्या मांडीवर दीड तास झोपली. एवढ्यासाठी म्हातारीने हट्ट धरला होता काय? आम्हाला म्हातारीचे आता पटते.

परतीच्या आदल्या दिवशी मोकळा वेळ होता. आम्ही आधीच बजावून ठेवले होते की तिथल्या इतिहास संग्रहालयात जाऊन ये. उझबेकिस्तानच्या दक्षिणेला तेर्मेझजवळ फयाज-तेपा नावाचे कुषाणकालीन बौद्ध विहाराचे अवशेष आहेत. तिथे सापडलेली, दोन्ही बाजूंना दोन भिक्खू उभे असलेली ध्यानस्थ बुद्धांची दगडी मूर्ती ताश्कंदच्या या संग्रहालयात ठेवली आहे. मणिपूरच्या बाई आणि दोन्ही मुली सोबत गेल्या. बहिणीने मूर्तीपुढे हात जोडले, पंचशील म्हटले. पहारेकरी बाई जवळ आली, पण काही बोलली नाही.

पुढे मे २०२३ मध्ये मणिपूर पेटले. तिथले इंटरनेट बंद झाले, बाईंचा फोन लागेना. बहिणीने दोन महिने रोज संध्याकाळी फोन लावून पाहिला. एक दिवस लागला. त्या मुलीचा सराव बंद होता, घर शाबूत होते. आता दोघी दर रविवारी बोलतात, भाषा अजून मोडकीच आहे.

हिशोब पूर्ण केला तेव्हा वर्गणीतले ४,३१० रुपये उरले. परत वाटायला गेलो तर कुणी घेईना. तेव्हा बैठकीत आम्ही नाशिकच्या लेण्यांतली गोष्ट काढली. आमच्या त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. क्षत्रप नहपानाचा तो जावई, काळ सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे आपण वाटसरूंसाठी चौसोपी विश्रामगृहे बांधली आणि नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, असे त्याने कोरून ठेवले आहे. गोवर्धन म्हणजे हे आपले नाशिकजवळचे. ब्राह्मणांनाही त्याने भरपूर दिले, ते तो सांगायला विसरलेला नाही; पण आम्हाला त्यातला जमाखर्च महत्त्वाचा वाटतो. त्याने ३,००० कार्षापण कायमनिधी म्हणून गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. २,००० दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि १,००० पाऊण टक्क्याने. मुद्दल कधी मोडायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज २४० होते, त्यातून वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ मिळत. आकडे जुळतात, आम्ही पडताळून पाहिले.

बैठकीला हे पटले. ४,३१० मध्ये प्रत्येकाने भर घातली आणि 'मुक्काम निधी' या नावाने पोस्टात ठेव केली. उषवदाताला वर्षाला १२ टक्के मिळत होते, पोस्ट आम्हाला तेवढे देत नाही. व्याजातून सध्या एका माणसाच्या जेमतेम दोन रात्री निघतात. हा निधी फक्त सोबत जाणाऱ्या आईच्या किंवा बापाच्या मुक्कामासाठी आहे, खेळाडूच्या खर्चासाठी नाही, हेही ठरावात लिहून ठेवले. नाहीतर आई पुन्हा शेवटच्या ओळीवर जाते.

वसाहतीतली आणखी एक मुलगी, सेबर खेळणारी, आता छत्रपती संभाजीनगरच्या केंद्रात सरावाला जाते. तिची आई एक दिवस बहिणीकडे आली आणि आडून आडून विचारू लागली की परदेशात खोली घ्यायची तर काय काय विचारावे. बहिणीने ट्रंकेतून ओपांचा तो कागद काढला, तिच्यासमोर उलगडला आणि म्हणाली, "पहिलं हे विचार. नाव लिहून कागद देणार का. मग भाडं विचार."